वळणावर तेल जाते कुठे?

शर्यतीच्या मार्गावर एक मोटार ताशी १०८ किलोमीटर वेगाने लांबलचक वळण घेत आहे. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत आहे. इंजिनात साडेचार लिटर तेल आहे. सकाळीच पट्टी बुडवून पाहिली, तेव्हा तेल बरोबर वरच्या खुणेपर्यंत होते. कोठे गळती नाही, पंप चांगला आहे, गाळणी नवी आहे. तरीही वळण संपता संपता इंजिनातून ठकठक असा आवाज येऊ लागतो आणि पुढच्या काही मिनिटांत इंजिन निकामी होते. मिस्त्री ते उघडून पाहतो आणि सांगतो, "तेल मिळाले नाही, म्हणून जळले."

साडेचार लिटर तेल आत असताना ते मिळाले नाही, हे कसे? या कोड्याचे उत्तर तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातच आहे. त्यासाठी तीन गोष्टी लागतील : थोडे बलांचे ज्ञान, थोडी त्रिकोणमिती आणि घरातली एक परात.

तेल करते तरी काय?

इंजिनात दट्टे वरखाली होतात. त्यांची ही हालचाल संयोगदांड्यांमार्फत भुजादंडाकडे जाते आणि भुजादंड गोल फिरू लागतो. भुजादंड जेथे टेकतो तेथे आणि संयोगदांडा त्याला जेथे धरतो तेथे धारवे, म्हणजे बेअरिंगे, असतात. मोटारीच्या इंजिनातील हे धारवे बहुधा सायकलीसारखे छर्‍यांचे नसतात. ती असतात पोलादाची पातळ अर्धगोल कवचे, आणि त्यांना आतून मऊ मिश्रधातूचे अस्तर असते. दंड आणि कवच यांच्यामधली फट साधारण आपल्या केसाच्या जाडीएवढी, म्हणजे मिलिमीटरचा काही शतांश भाग एवढीच असते. या फटीत तेल असते.

आता एक गमतीची गोष्ट पाहा. इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या डब्यांच्या धारव्यांवर प्रयोग करीत होता. त्याचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. तेल घालण्यासाठी त्याने धारव्याला वरून एक भोक पाडले. दंड फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले! त्याने बूच ठोकले. बूच उडाले. मग लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर ढकलली गेली. शेवटी त्याने तेथे दाबमापक बसविला. धारव्यावरील भार सरासरी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोग्रॅम होता. पण १४ पर्यंत मोजू शकणार्‍या दाबमापकाचा काटा शेवटच्या खुणेच्याही पलीकडे गेला.

याचा अर्थ असा, की फिरणारा दंड आपल्याबरोबर तेल ओढून ते फटीच्या निमुळत्या भागात कोंबतो. तेथे तेलाचा दाब एवढा वाढतो, की दंड धातूवर न टेकता तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत राहतो. ओसबोर्न रेनल्ड्स याने १८८६ साली याचे गणित मांडले. आजही इंजिनांचे धारवे त्याच गणिताच्या आधारे आखले जातात.

म्हणजे दंडाला उचलून धरण्याचे काम पंप करीत नाही. ते दंडाचे फिरणे करते. पण फटीतील तेल कडेने सतत बाहेर पडत असते. त्याची जागा भरून काढण्यासाठी पंपाला अखंड नवे तेल पुरवावे लागते. पुरवठा तुटला तर पापुद्रा विरतो आणि धातू धातूवर घासतो. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० फेरे. दोन सेकंद तेल मिळाले नाही तर दंड तेलाविना २०० वेळा घासला जातो. अस्तर तापते, वितळते, पुसले जाते. फट वाढते आणि मग ती ठकठक ऐकू येते. त्यानंतरही इंजिन चालू ठेवले तर संयोगदांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येऊ शकतो.

तेलाबरोबर हवेचे बुडबुडे आले तरी असेच होते. तेल जवळजवळ दबत नाही, म्हणून ते भार पेलते. हवा दाबली की दबते. फेसाळ तेलाचा पापुद्रा म्हणूनच कच्चा असतो.

तेलाचे घर

धारव्यांतून गळलेले तेल ठिबकत खाली येते आणि इंजिनाच्या तळाशी बसविलेल्या पत्र्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात जमते. इंग्रजी पुस्तकांत त्याला 'संप' म्हणतात. कामगारांच्या संपाशी त्याचा संबंध नाही. संप म्हणजे पाणी साचण्याची सखल जागा. आपले गॅरेजवाले त्याला 'चेंबर' म्हणतात. मोठ्या गतिरोधकावर गाडीचे पोट घासले की "चेंबर फुटला" असे म्हणतात, तेच हे भांडे. आपण त्याला तेलकुंड म्हणू.

तेलकुंडाच्या तळाशी एक नळी उतरते. तिच्या तोंडावर जाळी असते. पंप या शोषकनळीतून तेल ओढतो, गाळणीतून दवडतो आणि पुन्हा धारव्यांकडे धाडतो. पंप सेकंदाला सुमारे अर्धा लिटर तेल ओढतो असे धरा. साडेचार लिटर तेल म्हणजे नऊ सेकंदांचे तेल झाले. नऊ सेकंदांत सगळे तेल एकदा इंजिनात फिरून येते. हा नऊचा आकडा ध्यानात ठेवा.

एवढे फिरणारे तेल सर्व वेळ कुंडात असणार कसे? इंजिन वेगात असताना एखाददुसरा लिटर तेल वरच्या भागात, नळ्यांत आणि परतीच्या वाटेवर असतो. सकाळी पट्टीवर दिसलेली पातळी ही बंद इंजिनाची पातळी होती.

'खाली' म्हणजे कोणीकडे?

शोषकनळी तळाशी ठेवतात, कारण तेल नेहमी खाली जमते. पण खाली म्हणजे कोणीकडे? उभ्या गाडीत खाली म्हणजे जमिनीकडे. वळणार्‍या गाडीत तसे राहत नाही.

घाटात एस.टी. डावीकडे वळली की तुम्ही उजवीकडे ढकलले जाता. खरे पाहता तुमचे शरीर सरळ जाऊ पाहत असते आणि बस तुमच्याखालून वळत असते. परंतु बसमध्ये बसलेल्याला वळणाच्या बाहेरच्या बाजूस एक बल ओढत असल्याचे जाणवते. त्यालाच केंद्रोत्सारी बल म्हणतात. एक बल खाली, दुसरे बाजूला. दोहोंचे मिळून एक तिरपे बल होते. बसमधल्या द्रवाला हे तिरपे बल म्हणजेच 'खाली' वाटते, आणि द्रवाचा पृष्ठभाग नेहमी या 'खाली'शी काटकोनात राहतो. म्हणून वळणात पाण्याचा पृष्ठभाग कलतो.

किती कलतो? वळणामुळे येणारे त्वरण भागिले गुरुत्वत्वरण, म्हणजे त्या कोनाचा टॅन. वळणाचे त्वरण काढायला वेगाचा वर्ग करून त्याला त्रिज्येने भागा. गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद असते. त्यालाच '१ जी' असेही म्हणतात.

घाटातले वळण ३० मीटर त्रिज्येचे आणि बसचा वेग ताशी ३० कि.मी., म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर असेल, तर त्वरण सुमारे २.३ मी. प्रति से. प्रति से. येते. हे पाव जीपेक्षाही थोडे कमी झाले. पृष्ठभाग सुमारे १३ अंश कलेल. रोजच्या वाहतुकीत याहून फार जास्त सहसा होत नाही, आणि साधे तेलकुंड एवढे सहज सोसते.

आता शर्यतीचा मार्ग. आपली मोटार ताशी १०८ कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला ३० मीटर जाते. वळणाची त्रिज्या ९० मीटर. ३० चा वर्ग ९००. भागिले ९० म्हणजे १०. जवळजवळ पुरता १ जी! चांगली पकड असणारे टायर लावलेली स्पोर्ट्‌स मोटार एवढे त्वरण पेलू शकते. टॅनची किंमत १, म्हणून कोन ४५ अंश. तेलकुंडातील तेलाच्या दृष्टीने इंजिन जणू ४५ अंशांत कलंडले आहे.

हे किती वेळ? ९० मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ सुमारे २८३ मीटर लांब असते. सेकंदाला ३० मीटर या वेगाने त्याला साडेनऊ सेकंद लागतात. मघाचा नऊचा आकडा आठवला का? एवढ्या वेळात पंप कुंडातले सगळे तेल एकदा ओढून घेऊ पाहतो.

अशी लांब वळणे प्रत्यक्षात असतात. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे २०११ साली सुरू झालेल्या बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर १० व ११ या क्रमांकांची वळणे एकमेकांना जोडून एक लांब उजवे वळण झाले आहे. जर्मनीत न्यूरबुर्गरिंग येथे १९२७ साली बांधलेला जवळजवळ २१ कि.मी. लांबीचा मार्ग आहे. तेथे ठरावीक दिवशी पैसे भरून कोणालाही स्वतःची गाडी चालवता येते. घरून चालवत आणलेली साधी स्पोर्ट्‌स मोटार अशा ठिकाणी उतरली, की तिच्या तेलकुंडाची खरी परीक्षा होते.

आलेखाच्या कागदावर तेलकुंड

आता आकडेमोड करू. तेलकुंड ३० सें.मी. लांब आणि ३० सें.मी. रुंद आहे. त्यात तेल ५ सें.मी. खोल आहे. घनफळ ४,५०० घन सें.मी., म्हणजे साडेचार लिटर. शोषकनळी बरोबर मध्यभागी आहे आणि तिचे तोंड तळापासून १ सें.मी. वर आहे.

आलेखाच्या कागदावर कुंडाचा आडवा छेद काढा : रुंदी ३०, तेलाची खोली ५. तेलाचे क्षेत्रफळ १५० चौ. सें.मी. डावे वळण सुरू झाले. सगळे तेल उजव्या भिंतीशी काटकोन त्रिकोणाच्या आकारात गोळा झाले. पृष्ठभाग ४५ अंशांचा आहे, म्हणून त्रिकोणाच्या दोन्ही बाजू सारख्या. बाजूचा वर्ग भागिले २ बरोबर १५०. म्हणून बाजू ३०० चे वर्गमूळ, म्हणजे १७.३ सें.मी.

डाव्या बाजूचा १२.७ सें.मी. तळ कोरडा पडला. मध्यावर, म्हणजे उजव्या भिंतीपासून १५ सें.मी. अंतरावर, तेलाची खोली उरली २.३ सें.मी. नळीचे तोंड अजून बुडालेले आहे. बरे झाले!

पण थांबा. इंजिन वेगात आहे आणि १.३५ लिटर तेल वर अडकले आहे. कुंडात उरले ३.१५ लिटर. सपाट असताना त्याची खोली ३.५ सें.मी., क्षेत्रफळ १०५ चौ. सें.मी. त्रिकोणाची बाजू आता २१० चे वर्गमूळ, म्हणजे १४.५ सें.मी. मध्य तर १५ सें.मी. वर आहे. म्हणजे नळीखालचा तळच उघडा पडला! पंप आता हवा ओढू लागणार. आपल्या कोड्याचे उत्तर मिळाले. तेल इंजिनात होते, पण नळीपाशी नव्हते.

प्रत्यक्षात आणखी दोन अडचणी येतात. एक म्हणजे झोका. वळण एकदम घेतले तर तेल ४५ अंशांवर शहाण्यासारखे थांबत नाही. आधी त्याच्याही पलीकडे जाते आणि मग मागे येते. डावे वळण संपून लगेच उजवे आले तर हा झोका फारच मोठा होतो. दुसरी अडचण घुसळणीची. आपल्या त्रिकोणाची उंची १४ ते १७ सें.मी. आली, पण खर्‍या तेलकुंडाच्या भिंती बहुधा एवढ्या उंच नसतात. भिंतीवर चढलेले तेल थेट फिरत्या भुजादंडाच्या वाटेत येते. सेकंदाला १०० फेरे घेणारा दंड म्हणजे एक राक्षसी रवी. ताक घुसळताना जसा फेस येतो तसा तेलाला येतो आणि तो फेसच पंपाकडे जातो.

"मग तेल जास्त घालावे," असे कोणी म्हणेल. थोडे जास्त घातल्याने थोडा उपयोग होतोही. पण पातळी फार वाढली तर रवी सरळ वळणाविनाच तेलात बुडते, फेस वाढतो आणि इंजिनाची शक्ती घुसळण्यात वाया जाते.

पडदे, दारे आणि पंख

यावर उपाय काय करतात ते क्रमाने पाहू.

पहिला उपाय आडव्या पत्र्याचा. भुजादंड आणि तेल यांच्यामध्ये भोकांचा किंवा झडपांसारख्या चिरांचा एक पत्रा बसवितात. वरून गळणारे तेल त्यातून खाली जाते, पण खालचे तेल उसळून दंडापर्यंत पोहोचत नाही. काही इंजिनांत दंडाला अगदी चिकटून एक पट्टीही लावतात. दंडाभोवती दोरीसारखे गुंडाळले जाणारे तेल ती निपटून काढते.

दुसरा उपाय उभ्या पडद्यांचा. कुंडात उभ्या भिंती घालून त्याचे कप्पे करतात. भिंतींना तळाशी लहान भोके ठेवतात, म्हणजे तेल सावकाश इकडून तिकडे जाऊ शकते, पण एकदम धावू शकत नाही. रस्त्यावरील पाण्याच्या टँकरमध्ये असेच पडदे असतात. दुधाचे टँकर मात्र आतून धुऊन स्वच्छ करावे लागतात, म्हणून त्यांत पुष्कळदा पडदे नसतात. अर्धवट भरलेला असा टँकर चालविणे म्हणूनच कौशल्याचे काम असते.

पडदे झोका मारतात, हे खरे. पण आपले वळण साडेनऊ सेकंदांचे आहे. एवढ्या वेळात तळाच्या भोकांतून तेल पाझरून शेवटी बाहेरच्या बाजूलाच जाणार. भोकांचे पडदे वेळ मिळवून देतात. ४५ अंशांचा कोन काही बदलत नाहीत.

म्हणून तिसरा उपाय : दारे. शोषकनळीभोवती चारी बाजूंनी पेटी करतात. पेटीच्या भिंतींना बिजागरीची छोटी दारे असतात आणि ती फक्त आत उघडतात. विहिरीच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखीच ही युक्ती आहे. डावे वळण आले, की डाव्या कप्प्यातील तेल उजवीकडे धावते, डावे दार ढकलून पेटीत शिरते, आणि उजवे दार आतून दाबले गेल्याने बंद होते. तेल आत सापडले! पेटीतली पातळी उतरली, तर बाहेर भिंतीशी चढलेले तेल उजवे दार ढकलून आत येते. गाडी उजवीकडे वळली तर हेच उलट दिशेने घडते. ब्रेक लावला की तेल पुढे धावते, म्हणून पुढच्या-मागच्या भिंतींनाही दारे लागतात.

अशा पेटीत किती तेल मावते? १० सें.मी. लांब, १० सें.मी. रुंद आणि ५ सें.मी. खोल पेटीत अर्धा लिटर. पंपासाठी ही एका सेकंदाची शिदोरी! तेव्हा वरून परत येणारे तेल कुठेतरी कोपर्‍यात न पडता या पेटीतच पडेल, असा उतार वरच्या पत्र्याला द्यावा लागतो. पेटी ही साठवण्याची टाकी नाही. ती वाहत्या पाटावरचा छोटा हौद आहे; एकीकडून तेल येत राहिले तरच दुसरीकडून देता येते.

चौथा उपाय कुंड मोठे करण्याचा. खाली खोल करावे तर गाडीचे पोट जमिनीला लागते. म्हणून खालच्या भागाला दोन्ही बाजूंना पंखांसारखे वाढवितात. तेल वाढते, पातळी मात्र वाढत नाही. जादा तेल तापतेही सावकाश, आणि हाही फायदाच, कारण तापलेले तेल पातळ होते व त्याचा पापुद्रा विरळ होतो. मात्र कुंड खोल केले तर शोषकनळीही तेवढीच लांब करावी लागते. तिचे तोंड तळाला चिकटले तर तेल येत नाही. फार वर राहिले तर ते लवकर उघडे पडते.

पोर्शे कंपनीची १९८२ ते १९९१ या काळात तयार झालेली ९४४ ही स्पोर्ट्‌स मोटार या बाबतीत प्रसिद्ध आहे. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन एका बाजूला कलते बसविलेले असते. शर्यतीच्या मार्गावर जोरात चालविली, की तिच्या दुसर्‍या सिलिंडराच्या संयोगदांड्याचा धारवा सर्वांत आधी जातो, असा अनुभव आहे. म्हणून ही गाडी मार्गावर नेणारे लोक तिच्या कुंडात जादा पडदे, दारांची पेटी, निपटणारी पट्टी असे फेरफार करतात. हजारो रुपयांच्या पत्राकामाने लाखो रुपयांचे इंजिन वाचते.

भांडेच बदलले तर?

याहून जोरदार वळणे घ्यायची असतील तर पडद्यांनीही भागत नाही. तेव्हा एक उपाय असतो दाबाच्या नळकांड्याचा. नळकांड्यात एका बाजूला तेल, दुसर्‍या बाजूला हवा आणि मध्ये सरकणारा दट्ट्या. पंप नीट चालू असताना तेल आत शिरून हवेला दाबते. पंपाचा दाब पडला, की दबलेली हवा तेच तेल धारव्यांकडे ढकलते. दोन लिटरांचे नळकांडे तीन-चार सेकंदांचे संकट टाळते.

पण मुळावर घाव घालणारा उपाय कोणता, ते आपले गणितच सांगेल. आपले कुंड पसरट आहे, परातीसारखे. तेच साडेचार लिटर तेल १५ सें.मी. व्यासाच्या उंच टाकीत ओता. खोली येईल साडेपंचवीस सें.मी. आता १ जीचे वळण घ्या. ४५ अंशांत पृष्ठभाग एका कडेला साडेसात सें.मी. चढेल आणि दुसर्‍या कडेला तेवढाच उतरेल. उतरलेल्या कडेलाही तळावर १८ सें.मी. तेल उरेल! तेल ३.१५ लिटरच असले तरी तेथे १० सें.मी. उरते. नळी टाकीच्या तळाला लावली, की ती उघडी पडण्याचा प्रश्नच येत नाही.

एवढी उंच टाकी इंजिनाखाली मावत नाही, म्हणून ती बाजूला बसवितात. इंजिनाखाली उथळ भांडे ठेवतात आणि त्यात पडणारे तेल जादा पंपांनी लगेच उपसून टाकीत टाकतात. टाकीत ते गोल फिरत उतरते, तेव्हा त्यातील हवा सुटी होते. खालचे भांडे जवळजवळ कोरडेच राहते, म्हणून या रचनेला 'ड्राय संप', म्हणजे कोरडे कुंड, म्हणतात. कुंड उथळ झाल्याने इंजिनही खाली बसविता येते आणि गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो. १९५४ सालची मर्सिडीज ३०० एसएल आणि १९६४ पासूनची पोर्शे ९११ या गाड्यांत ही रचना होती. अमेरिकेतील कॉर्व्हेटच्या झेड०६ या प्रकारात ती २००६ साली आली. वळणात ४ ते ५ जी सोसणार्‍या फॉर्म्युला वन गाड्यांना तर तिच्यावाचून गत्यंतरच नाही.

मोटारसायकल आणि रॉकेट

आता एक प्रश्न. मोटारसायकलही वळते. तिच्या इंजिनातले तेल बाजूला का जात नाही?

मोटारसायकलस्वार वळताना गाडीसकट आत कलतो. किती? बरोबर तेवढाच कोन, ज्याचा टॅन वळणाचे त्वरण भागिले गुरुत्वत्वरण आहे. तो आणि तेलाचा पृष्ठभाग एकाच नियमाने कलतात! म्हणून इंजिनाच्या दृष्टीने तेल सपाटच राहते. मोटार मात्र चार चाकांवर उभी असल्याने आत कलू शकत नाही. जोरात ब्रेक लावला तर मात्र मोटारसायकलचे तेलही पुढे धावते.

द्रवांच्या झोक्याने रॉकेटही गमावले गेले आहे. अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन १ या रॉकेटाचे दुसरे उड्डाण २१ मार्च २००७ रोजी झाले. वरच्या टप्प्यातील द्रव ऑक्सिजनच्या टाकीत पडदे नव्हते. द्रव हेलकावे खाऊ लागला, त्याने रॉकेटही हेलकावू लागले, ते गिरकी घेऊ लागले आणि टाकीतील द्रव तोंडापासून दूर फेकला गेला. इंजिन बंद पडले. पुढच्या उड्डाणांसाठी टाकीत पडदे बसविण्यात आले. चंद्रावर माणसे नेणार्‍या सॅटर्न ५ रॉकेटच्या टाक्यांत असे कड्यांचे पडदे पहिल्यापासून होते.

करून पाहा

१. परात आणि पेला : एका पाटावर पाण्याने दोन सें.मी. भरलेली परात आणि अर्धा भरलेला उंच पेला ठेवा. पाट एकदम पुढे ओढा आणि थांबवा. तळ कशाचा उघडा पडतो?

२. पडदा : प्लॅस्टिकच्या चौकोनी डब्यात दोन सें.मी. रंगीत पाणी घ्या. डबा झटकन सरकवून थांबवा आणि पाणी स्थिर व्हायला लागणारा वेळ मोजा. मग जुन्या फाइलीच्या प्लॅस्टिकचा, तळाशी तीन-चार भोके पाडलेला पडदा मेणाने मध्ये बसवा. पुन्हा वेळ मोजा. आता भोके लहान-मोठी करून पाहा.

३. बसमधला त्वरणमापक : अर्धी भरलेली पारदर्शक बाटली झाकण घट्ट लावून आडवी धरा. ती बसच्या रुंदीच्या दिशेने असावी. मागे कोनमापक लावा. मित्राला वळणावर पृष्ठभागाचा कोन वाचायला सांगा. कोनाचा टॅन म्हणजेच जीमधील त्वरण. रस्ता वळणाच्या आत कललेला असेल तर कोन कमी दिसेल. असे का, याचा विचार करा.

विचार करा

१. मोटारीने ०.८ जी इतक्या जोराने ब्रेक लावला, तर तेलाचा पृष्ठभाग किती अंश कलेल?

२. आपल्या १५ सें.मी. व्यासाच्या टाकीत साडेचार लिटर तेल असताना २ जीचे वळण घेतले, तर उतरलेल्या कडेला तेल किती खोल उरेल?

३. मोटारीतील तेलाच्या दाबाचा लाल दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. शर्यतीचे चालक या दिव्यावर विसंबून न राहता वेगळा दाबमापक का बसवितात? दाबमापकाचा काटा नेमका कोणत्या ठिकाणी खाली येताना दिसेल : सरळ रस्त्यावर, वळणाच्या सुरुवातीस की शेवटी?